बारा ओळींत चारशे नावं

४ एप्रिल २०१७

राख काढून झाल्यावर मी चूल सारवली आणि रांजण भरायला आडावर गेले. दोन खेपा झाल्या तेव्हा माझी पोरगी सरजा उठली होती. मालक उडदाच्या राशीवर ताडपत्री टाकायला खळ्यावर गेले होते. म्हशीचं शेण काढलं, सहा भाकरी थापल्या, ठेचा वाटला. मग पोरीला पुढ्यात घेऊन केस विंचरायला बसले. ती सारखी हलायची. त्या दिवशी गणपती बोळवायचा होता, बाहेर पोरांचा कालवा चालला होता, तिला तिकडं पळायचं होतं. मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला. ती गप बसली. वेणी घातली, पिशवी भरली, आणि अकराच्या एसटीनं बहिणीच्या बाळंतपणाला मुदखेडला निघून गेले.

एवढंच. त्र्याण्णव सालच्या त्या रात्री भूकंप झाला तेव्हा मी मुदखेडला होते. आमचं गाव किल्लारीच्या अलीकडं होतं. होतं असंच म्हणायचं.

हे आज लिहायला कारण वाजिद. सकाळी कचेरीत चहा ठेवला तर त्यानं विचारलं, "मावशी, तुमची मेमरी किती?"

मी म्हणाले, "लई हाय."

तो इतका हसला की चहा सांडला. "अहो तुमची नाही, फोनची!"

मग त्यानं माझा फोन मागून घेतला. इतका हलका फोन कचेरीत कुणाकडं नाही. म्हणाला, "खेड्यातल्या आईबापांकडं हाच असतो. ह्याच्यावर चाललं तर समदीकडं चालतंय."

वाजिद नांदेडचा. शेषेराव सरांनी त्याला हैदराबादहून बोलावून आणलं. आमची कचेरी लातुरात, क्लासच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. मी तिथं झाडते, चहा करते. सर क्लासवाल्यांना मोबाइलचं अ‍ॅप करून देतात. पण वाजिद अ‍ॅप करत नाही. अ‍ॅप ज्याच्यावर उभं राहतं तो सांगाडा करतो. एक सांगाडा बरा झाला की त्यावर दहा क्लासची अ‍ॅपं उभी राहतात. सरांचा सगळा जीव त्यातच आहे.

९ एप्रिल

आज मी चूक काढली. माझ्या फोनवर नावांची यादी उघडून दिली होती. मी म्हणाले, "ह्यांच्या टोप्या कुठं गेल्या?"

"कसल्या टोप्या?"

मी दाखवलं. वरच्या मात्रा, वेलांट्या, अनुस्वार सगळे कापलेले. शेषेराव सरांचं नाव 'शषराव' दिसत होतं. वाजिदनं फोन डोळ्याजवळ नेला आणि खुर्चीत मागं टेकला.

त्यानं मला समजावून सांगितलं. यादीतली प्रत्येक ओळ आधी आतल्या अक्षरांना विचारते, तुम्हाला किती जागा पाहिजे? अक्षरं सांगतात, मग ओळ तेवढी उंच होते. ह्या सांगाड्यात विचारणं इंग्रजी अक्षरांच्या मापानं चालायचं. त्यांच्या डोक्यावर काही नसतं. आणि डब्यात डबा, त्यात डबा, असं करत एकच गोष्ट प्रत्येक जण दोनदा विचारायचा, म्हणून फोन अडकायचा. आता तो मधले डबे काढून टाकतोय.

सर आले तेव्हा वाजिद म्हणाला, "सर, तुमची टोपी मावशीनं परत मिळवून दिली." सरांना ते आवडलं नाही. मला म्हणाले, "केवळाबाई, गॅलरी झाडायची राहिली."

पण वाजिदनं मला तपासायच्या कामाला लावलं. म्हणाला, मराठी असं अक्षर अक्षर बघणारं दुसरं कुणी नाही.

१५ एप्रिल

वर्षाराणीचे वडील किशनराव चाकूरहून आले होते. माझ्या खोलीत एक खाट मी क्लासच्या मुलीला देते. वर्षाराणी जूनपासून आहे. नीटची परीक्षा पुढच्या महिन्यात. पोरगी अबोल आहे, पण जिन्यात बसून स्वतःशी उत्तरं पुटपुटते. मला एकदा म्हणाली, "मावशी, तुम्ही मला कायबी विचारा, पुस्तक बघून." मी विचारत गेले. मला अर्थ कळत नव्हता, पण उत्तर बरोबर आहे की नाही ते कळायचं, कारण ती शब्द न् शब्द तेच सांगायची.

किशनराव म्हणाले, "ह्या वर्षी न्हाई जमलं तर क्लासवाल्यांची एक खास बॅच हाय. मे महिन्यात चाचणी घेतेत. साठ पोरं घेतेत. त्यात नाव लागलं तर अजून एक वर्ष ठेवतो. न्हाई लागलं तर घरी. उदगीरचं स्थळ चालून आलंय, पोरगा सरकारी नोकरीत हाय. ते लोक थांबायला तयार न्हाईत."

वर्षाराणी म्हणाली, "नाव लागलं तर ठेवचाल ना पण?"

"शब्द दिला ना."

"मावशीसमोर म्हणा."

"मावशीसमोर म्हणतो. लागलं तर ठेवतो."

बिचारे पोरीसाठी किती करतात. जाताना खोलीत मच्छर किती आहेत, खाट किती अरुंद आहे, चारदा म्हणाले. इथं तिचे हाल होतात असं त्यांना वाटतं.

२२ एप्रिल

वाजिदनं आज कागदावर काढून दाखवलं. यादीत चारशे नावं असली तरी फोन चारशे ओळी करत नाही. तेवढं त्याला पेलत नाही. ओळी बाराच. वरची ओळ पडद्याबाहेर गेली की तीच उचलून खाली आणायची, जुनं नाव पुसायचं, नवं लिहायचं.

"जुन्याचं समदं पुसतंय का?" मी विचारलं.

"हौ. नाव, गाव, समदं."

"आन् रंग?"

निवड झाली तर ओळीच्या कडेला हिरवा, नाही झाली तर लाल. वाजिद म्हणाला, रंग फोनमध्ये नसतो. तो क्लासच्या मशीनकडून मागवावा लागतो, अर्धा सेकंद मागून येतो.

मी म्हणाले, "म्हणजे ओळीनं एका पोराचा रंग मागवला. तो यायच्या आधी ओळ दुसऱ्या पोराची झाली. मग?"

वाजिदनं पेन टेकवलं. मग म्हणाला, "इतक्या जोरात कोण फिरवतंय मावशी? तरी बघतो मी ते."

३ मे

माझा फोन दोन दिवस पुन्हा पुन्हा बंद पडत होता. अ‍ॅप उघडलं की दहा मिनिटांत मरायचं. आज वाजिदला कारण सापडलं. एकेक पडदा बघून झाला, आपण पुढं गेलो, की तो जायला पाहिजे. पण कुठं तरी मागं कुणी तरी त्या पडद्याला धरून बसलं होतं. कुणीही धरलेलं असलं की फोन त्याला टाकत नाही. असे मेलेले पडदे साचत साचत फोन भरून जायचा.

"मग काय केलंस?"

"धरणाऱ्याला सोडायला लावलं."

"सोडलं त्यानं?"

"सोडतंय की. कोड आहे ते."

दुपारी घरी आले. भात खाल्ला. वर्षाराणीनं विचारलं, मावशी बरं नाही का? मी म्हणाले ऊन लागलं.

८ मे

काल नीट झाली. वर्षाराणीनं पेपर पडताळून पाहिला. थोडक्यात जातंय म्हणाली. आता सगळा भरवसा चौदा तारखेच्या चाचणीवर.

१४ मे

चाचणी झाली. पोरगी हसत आली. मला म्हणाली, "मावशी, लागतंय. मला माहीत हाय." मी शिरा केला. तिनं कढई पुसून खाल्ली.

१८ मे

परवा क्लासची यादी अ‍ॅपवर येणार. पूर्वी भिंतीवर लावायचे, पण पोरांच्या झुंबडी व्हायच्या, रडारड व्हायची, म्हणून आता फक्त आईबापांच्या फोनवर. मुलांकडं फोन नसतात, क्लास ठेवू देत नाही. सर म्हणाले, ही यादी नीट गेली तर नांदेडचे तीन क्लास आपल्याकडं येतील. वाजिदनं सांगाडा आणखी हलका केलाय. आता माझ्या फोनवर यादी लोण्यासारखी सरकते.

काल आणि आज मी तपासणी केली. खोटे रंग भरलेली चारशे बारा नावांची यादी फोनवर आणि त्याच रंगांची यादी कागदावर. मी एकेक ओळ वर घ्यायची, नाव वाचायचं, गाव वाचायचं, रंग बघायचा, कागदावर खूण करायची. चारशे बारापैकी चारशे बारा बरोबर. सगळ्यांच्या टोप्या जागेवर. वाजिदनं मला वहीत सही करायला लावली: तपासणी, केवळाबाई.

नावांची यादी मला भराभर वाचता येत नाही. तसं वाचायला मी शिकलेच नाही. भूकंपानंतर शेडमध्ये राहायला आलो तेव्हा मेलेल्यांची यादी पत्र्यावर चिकटवली होती. मला वाचता येत नव्हतं. गावच्या शिवप्पा मास्तरांनी वाचून दाखवली. मालकांचं नाव वाचलं, रामलिंग. मी विचारलं, आन् सरजा? मास्तर म्हणाले, पोरीचं नाव न्हाई बाई, ती सोलापूरला दवाखान्यात असंल. मी अकरा दिवस सोलापूरचे दवाखाने हिंडले. प्रत्येक खाटेवर वाकून बघितलं. परत आले तेव्हा शेडमधल्या बायका माझ्याकडं बघेनात. नाव त्या यादीतच होतं, बापाच्या खाली. मास्तरांना मी रडत होते म्हणून वाचवलं नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्याच हिवाळ्यात त्यांच्याकडूनच मी अक्षरं शिकले, आणि पहिलं जे वाचलं ते ती यादी. सगळी. एकेक नाव.

२० मे

दुपारी जेवायला घरी आले होते. फोन कचेरीतच, वाजिदच्या टेबलावर. किशनराव सकाळपासून लातुरात होते, बाजारात काही काम होतं म्हणे. ते आले तेव्हा वर्षाराणी दारातच उभी होती.

"आली का यादी, पप्पा?"

"आली म्हणतेत. बघू की."

आम्ही तिघं खाटेजवळ उभे राहिलो. यादी अ पासून सुरू. व लई खाली. किशनरावांनी अंगठ्यानं यादी जोरात वर ढकलली, मग आणखी एकदा, मग आणखी. नावं अशी पळाली की मला एकही वाचता आलं नाही. मग बोट ठेवून थांबवली. वनमाला, वंदना, वर्षाराणी. वर्षाराणी किशनराव, चाकूर. कडेला लाल.

पोरीनं आधी फोनकडं बघितलं, मग बापाकडं. किशनरावांनी लगेच त्या पडद्याचा फोटो काढला आणि फोन खिशात घातला.

ती म्हणाली, "असं कसं? पप्पा, परत एकदा बघा."

"किती बार बघावं? लाल ते लालच."

"मी क्लासमध्ये जाऊन विचारते. पाच मिनिटाचा रस्ता हाय."

"आन् तितं चार पोरांपुढं तोंड काळं करून घेतेस?"

मग ती माझ्याकडं वळली. "मावशी, तुमचा फोन कचेरीत हाय ना? त्याच्यावर बघून येता का? पाच मिनिट."

मी म्हणाले, "बाई, यादी एकच असती. माझ्या फोनवर वेगळी अन् तुझ्या बापाच्या फोनवर वेगळी अशी नसती. मी सोता तपासली ती. चारशे बारा नावं, एकबी चूक न्हाई. उगा आस लावून घिऊ नको."

"एकदा बघून या ना."

"आस लई वाईट असती. मला इचार."

किशनराव म्हणाले, "ऐकलंस? मावशी कधी खोटं बोलत न्हाईत."

तिनं खाटेखालून पिशवी ओढली. कपडे भरले. पुस्तकं न्यायची का विचारलं तर किशनराव म्हणाले, राहू द्या, कुणा गरजूला देऊन टाका. तीनच्या गाडीनं गेले. जाताना ती माझ्या पाया पडली.

मला वाईट वाटलं, पण मी बरोबर केलं असं वाटतं. लगेच कळलेलं बरं.

संध्याकाळी कचेरीत पेढे वाटले. सरांनी मलाही दिला.

२३ मे

सकाळी बिलोलीचा एक माणूस कचेरीत चढून आला. आधी क्लासमध्ये भांडून आला होता. त्याच्या फोनवर पोराचं नाव हिरवं आलं. त्यानं गावात गुलाल उधळला. आज पोराला घेऊन आला तर क्लासवाले म्हणतात निवड नाही. तो टेबलावर हात आपटून म्हणाला, "गावाला तोंड कसं दाखवू? तुमच्या फोनानं माझी इज्जत घेतली."

वाजिदनं त्याचा फोन घेतला आणि यादी जोरात ढकलली. थांबवली. पुन्हा ढकलली. दहा बारा वेळा. सगळं बरोबर. मग एकदा एका पोराचा रंग दुसऱ्याच्या नावाला चिकटून आला आणि तसाच राहिला. वाजिद पांढरा पडला.

"मावशी, तुम्ही तपासताना कसं फिरवलं?"

मी दाखवलं. एक ओळ वर. नाव वाचलं. दुसरी ओळ.

त्यानं कपाळाला हात लावला. "असं कोण वाचतं मावशी?"

"मी."

"लोकं स्वतःचं नाव बघतेत. बाकीचे चारशे ढकलून देतेत."

मग त्यानं सांगितलं. हळू फिरवलं तर रंग वेळेवर येतो, चूक कधीच दिसत नाही. जोरात फिरवलं तर शंभरात तीन-चार वेळा दुसऱ्याचा रंग येतो. पुन्हा उघडलं की जातो. मी विचारलं होतं त्या दिवशी त्यानं दुरुस्त केलं होतं. पण यादी लोण्यासारखी सरकावी म्हणून शेवटच्या आठवड्यात जे हलकं केलं, त्यात ती दुरुस्ती निघून गेली.

मी म्हणाले, "वर्षाराणी किशनराव, चाकूर. बघ."

त्यानं क्लासच्या मशीनमधली मूळ यादी उघडली. हिरवी होती. साठात सतरावी.

मी खाली बसले. शेषेराव सर म्हणाले, "केवळाबाई, इथं नको बसू, आत जा, लोकं येतेत."

२४ मे

मी क्लासमध्ये गेले. काउंटरवरच्या बाईनं यादी बघितली आणि म्हणाली, नाव लागलं होतं खरं. पण बावीस तारखेपर्यंत यायचं होतं. जे आले नाहीत त्यांच्या जागी पुढच्यांना घेतलं. आता साठ भरले. मी म्हणाले, चूक तुमच्या अ‍ॅपची. ती म्हणाली, अ‍ॅप आमचं नाही, ज्यानं केलंय त्याला विचारा.

परत आले तर सर फोनवर क्लासच्या मालकांशी बोलत होते. मी चहा घेऊन उभी होते. "नाही नाही साहेब, सांगाडा एकदम पक्का आहे. तपासणीला आमच्या इथं एक झाडणारी बाई बसवली होती, भूकंपातली आहे, जरा डोक्यानं... हो. हो, आमची चूक. आता शिकलेला माणूस ठेवतो." मग मला हातानं खूण केली, कप इथं ठेव.

वाजिदनं मान खाली घातली होती. त्याची बिचाऱ्याची चूक नाही. सही माझी आहे.

सगळ्या आईबापांना फोनवर एक ओळ गेली: तांत्रिक कारणाने यादीत दुरुस्ती, कृपया पुन्हा पाहावी.

२६ मे

मी किशनरावांना तीनदा फोन लावला. उचलत नाहीत. शेतात असतील. माझ्या मनात आलं, त्यांनी ती ओळ वाचली नसेल, नाहीतर पोरीला घेऊन धावत आले असते. वाजिदला म्हणाले, बघता येतं का?

त्यानं नंबर घालून बघितलं. "मेसेज वाचलाय. काल सकाळीच."

"आन् यादी?"

"यादी तर त्याच दिवशी, वीस तारखेला, सात वेळा उघडलीय. पहिल्यांदा दुपारी. मग सहा वेळा. शेवटची संध्याकाळी सहाला."

मी म्हणाले, "सात वेळा! बापाचं काळीज. कुठं तरी हिरवं व्हईल म्हणून बघत बसला असंल."

वाजिदनं यादी बंद केली. काहीतरी बोलणार होता. मग म्हणाला, "मावशी, चहा ठेवा."

२८ मे

चाकूरहून लग्नपत्रिका आली. चार जून. उदगीरचं स्थळ. पत्रिकेवर वर्षाराणीच्या नावापुढं बारावी सायन्स लिहिलंय.

तिची पुस्तकं अजून खाटेखाली आहेत. मी एक उघडलं. प्रत्येक पानाच्या कडेला बारीक अक्षरात तिनं स्वतःला शिव्या दिल्यात. मठ्ठ. परत वाच. हे सुद्धा येत नाही? आणि बरोबर आलं तिथं छोटी टिकली.

२ जून

परवा चाकूरला जाऊन आले. दारात मांडव घालत होते. वाजिदनं मूळ यादीचं पान छापून दिलं होतं, ते घडी करून नेलं. किशनराव मला ओट्यावरून उठवून गोठ्याच्या बाजूला घेऊन गेले.

मी पान दिलं. त्यांनी उघडलं, एका नजरेत बघितलं, घडी करून खिशात घातलं. रागावले नाहीत, दचकलेही नाहीत. मला वाटलं त्यांना वाचता आलं नाही.

मी म्हणाले, "सतरावी हाय. हिरवी."

"असू द्या मावशी. आता जागा हाय का?"

"न्हाई. भरली."

"मग? मग काय करायचं हे कळून?" मग आवाज खाली आणला. "हे बघा, पोरीनं आता मनाला लावून घेतलंय की आपल्याला जमत न्हाई. शांत हाय. जेवायलीय. लग्न चार दिसावर. तुम्ही तिला भेटा, आशीर्वाद द्या, पण लालच होतं म्हणा. तुमच्या तोंडचं तिला खरं वाटतंय. तुम्ही म्हणलाव म्हणून तर ती गप आली त्या दिवशी. न्हाई तर मला कशाची ऐकली असती?"

मी आत जायला वळले. त्यांना वाटलं मी कबूल झाले. "जेवून जावा," म्हणाले.

आत बायका पापड लाटत होत्या. वर्षाराणी भिंतीला टेकून बसली होती, हाताला मेंदी. मला बघून उठली, जवळ बसवून घेतलं. एक बाई म्हणाली, "लातूरची मावशी का? पोरीला डॉक्टर करायला निघाली व्हती म्हणं!" सगळ्या हसल्या. वर्षाराणीही हसली.

मग बायका तव्याकडं गेल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, एक इचारू?"

"इचार."

"चाचणीचा पेपर झाल्यावर मी एकेक उत्तर पडताळून बघितलं होतं. माझ्या हिशेबानं माझं लागत होतं. पक्कं. मग लाल आलं. तवापासून मला असं वाटतंय की मला काय येतंय अन् काय न्हाई ते माझं मलाच कळत न्हाई. आता भाजीत मीठ टाकलं तरी दोनदा इचारते, टाकलं का म्हणून." तिनं मेंदीचा हात उताणा धरला, वाळतो म्हणून. "लालच होतं ना मावशी? तुम्ही तपासलं होतं ना?"

किशनराव दारात येऊन उभे होते. पाण्याचा तांब्या हातात.

मी म्हणाले, "आधी जेव तू."

ती म्हणाली, "तुम्ही म्हणलाव तर मी सोडून देते. डोक्यात फिरायलंय उगाच. एकदा म्हणा."

"मेंदी बिघडंल, हात हालवू नको," मी म्हणाले, आणि उठले. जेवले नाही. चारची गाडी होती, ती धरली. किशनराव स्टँडपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "उपकार झाले मावशी." गाडीत बसल्यावर खिडकीतून एक पपई दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी किशनरावांच्या फोनवर फोन लावला, पोरीला आशीर्वाद द्यायचा राहिला म्हणाले, तो तिच्या हातात द्यायला लावला, आणि तिला सांगितलं की तुझं नाव हिरवं होतं, साठात सतरावं, आणि तुझा हिशेब बरोबर होता.